आईबापाचा रंग विचारणारा पट्टा



समजा, तुमचा मुलगा तालमीत जातो. अंगाने सडपातळ, पण हाताला विलक्षण चपळाई. गावातल्या, तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या लढती त्याने जिंकल्या. आता सर्वांत मानाच्या लढतीसाठी तो अर्ज भरायला जातो. टेबलामागचा माणूस नाव विचारतो, वय विचारतो, वजन विचारतो. इथवर सगळे ठीक. मग तो शेवटचा प्रश्न टाकतो, "तुझे आईबाप कोण?" उत्तर ऐकतो आणि अर्ज परत करतो. मुलाने आजवर किती लढती मारल्या, हे तो विचारतच नाही.

आपल्यापैकी पुष्कळांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. पण आजची गोष्ट आपल्या मुलुखातली नाही. ती आहे सातासमुद्रापलीकडच्या वेल्सची. तिथल्या कथबर्ट टेलर नावाच्या मुष्टियोद्ध्याची, म्हणजे बॉक्सरची. त्याचे नाव आपण ऐकलेले नाही, यात आपला दोष नाही. त्याच्या स्वतःच्या देशातही कित्येक वर्षे ते फारसे कोणी घेत नव्हते. का घेत नव्हते, तेच आज पाहायचे आहे.

लोखंड आणि कोळशाचे गाव

इंग्लंडच्या पश्चिमेला लागून वेल्स हा डोंगराळ मुलूख आहे. त्याची भाषा वेगळी, गाणी वेगळी. त्याच्या दक्षिण भागात मर्थर टिडफिल नावाचे गाव आहे. आसपासच्या डोंगरात लोखंडाचे खनिज आणि कोळसा सापडला आणि अठराव्या शतकात या खेड्याचे कारखान्यांचे गाव झाले. चार मोठे लोखंडाचे कारखाने तिथे धडधडत होते. १८०१ सालच्या शिरगणतीत हे वेल्समधले सर्वांत मोठे गाव ठरले. रात्री भट्ट्यांच्या उजेडाने आभाळ लाल दिसायचे आणि त्या उजेडाखाली मजुरांची दाटीवाटीची घरे होती.

हे गाव नुसतेच राबणारे नव्हते, लढणारेही होते. १८३१ मध्ये मजुरी कापली गेली, कर्जापायी घरातले सामान जप्त होऊ लागले, तेव्हा इथले कामगार उठले. त्यांनी लाल निशाण उभारले. सरकारने सैन्य आणले, गोळीबार केला आणि डिक पेंडेरिन नावाच्या तरुण खाणकामगाराला फासावर चढवले. तो निर्दोष होता, असे तिथले लोक आजही मानतात. पुढे १९०० मध्ये याच मतदारसंघाने केर हार्डी या खाणीतून वर आलेल्या मजूर पुढाऱ्याला पार्लमेंटमध्ये धाडले. हेच केर हार्डी १९०७ मध्ये हिंदुस्थानात आले होते आणि इथल्या इंग्रजी कारभारावर त्यांनी परखड टीका केली होती.

अशा गावात पोरांना मुष्टियुद्धाचे वेड नसते तरच नवल. खाणीत कोळसा फोडून फोडून मनगटे घट्ट झालेली आणि घरात खाणारी तोंडे जास्त. जत्रेत मुष्टियुद्धाचा तंबू लागायचा. तंबूवाल्याचा पहिलवान फळीवर उभा राहून आव्हान द्यायचा. त्याच्यासमोर ठरलेल्या फेऱ्या टिकून दाखवल्या, तर चार पैसे मिळायचे. खाणीतल्या मजुरीपेक्षा ते पैसे बरे वाटायचे. दक्षिण वेल्समधले कितीतरी नामांकित मुष्टियोद्धे याच तंबूंतून तयार झाले. खाणीत काम केलेला जिमी वाइल्ड हा त्यांतलाच. अंगाने इतका किरकोळ की पाहणाऱ्याला कीव यावी, पण १९१६ ते १९२३ पर्यंत तो फ्लायवेट गटातला जगज्जेता होता.

पट्टा आणि पोर, एकाच सालचे

आपल्याकडे महाराष्ट्र केसरीला गदा मिळते. तसा ब्रिटनमध्ये प्रत्येक वजनगटाच्या विजेत्याला लोन्सडेल पट्टा मिळतो. कमरेला बांधायचा हा पट्टा १९०९ मध्ये सुरू झाला आणि पहिलाच पट्टा पटकावला तो वेल्सच्याच फ्रेडी वेल्शने. सगळ्या दक्षिण वेल्सला केवढा अभिमान वाटला असेल!

त्याच १९०९ मध्ये मर्थर टिडफिलच्या जॉर्जटाउन वस्तीत कथबर्ट टेलर जन्मला. आई वेल्सचीच, गोरी. बाप कॅरिबियन वंशाचा, काळा. पट्टा आणि पोर एकाच सालचे. पण त्या पट्ट्याच्या वाटेवर पोराच्या आधीच एक भिंत उभी राहत होती.

ती कशी, ते समजून घेऊ. त्या काळी मुष्टियुद्धातला सर्वांत जड गटाचा जगज्जेता होता जॅक जॉन्सन, अमेरिकेतला काळा मुष्टियोद्धा. गुलामीत जन्मलेल्या आईबापांचा हा मुलगा गोऱ्या मल्लांना एकामागून एक लोळवत होता. १९११ मध्ये लंडनला त्याची लढत इंग्लंडच्या बिली वेल्सशी ठरली. लागलीच ओरड सुरू झाली. काही धर्मोपदेशक पुढे आले, वर्तमानपत्रे पुढे आली. वरवर बोलणे होते हिंसेचे आणि शिस्तीचे. आतली भीती वेगळी होती. काळ्या माणसाने सर्वांसमक्ष गोऱ्याला मारून पाडले, तर साम्राज्यातल्या कोट्यवधी काळ्या-सावळ्या प्रजेला काय वाटेल? त्या प्रजेत आपले पणजोबाही होते. तेव्हाचे गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ही लढत बेकायदा ठरवली. लढत झालीच नाही.

तेव्हापासून ब्रिटिश विजेतेपद गोऱ्यांपुरतेच राहिले. पुढे १९२९ मध्ये ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोल या संस्थेची नव्याने घडी बसली आणि तिच्या नियमांतही ही गोष्ट स्पष्टपणे राहिली. ब्रिटिश विजेतेपदासाठी लढणाऱ्याचे आई आणि वडील दोघेही गोरे असले पाहिजेत. वाचकहो, शब्द नीट पाहा. लढणारा कसा आहे, एवढ्यावर हा नियम थांबत नाही. तो घरात शिरतो. आई कोण, बाप कोण, हे तपासतो. लढणारा ब्रिटनमध्ये जन्मला, वाढला, तिथेच राबला, तरी त्याचे काही मोल नाही.

एक आठवण आपल्याकडची

थोडे थांबून त्याच सालातली, त्याच इंग्लंडातली आणखी एक गोष्ट सांगतो. १९११ च्या उन्हाळ्यात हिंदुस्थानचा क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. त्या संघात बाळू पालवणकर होते. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता, साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता, ते अस्सल गोलंदाज झाले. त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण याच बाळूंना पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना चहा पॅव्हिलियनच्या बाहेर आणि वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकले गेले, पण संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. ते मिळाले त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, तेही १९२३ मध्ये आणि झगडून.

आपल्याकडे तो दंडक कुठे लिहून ठेवलेला नव्हता. सगळ्यांना तोंडपाठ होता, म्हणून लिहिण्याची गरज पडली नाही. तिकडे तो कागदावर होता. फरक एवढाच.

देशाची बंडी अंगात

आता पुन्हा मर्थरला येऊ. कथबर्ट लहानपणापासूनच मुष्टियुद्धात तरबेज झाला. तो नऊ वर्षांचा असताना, १९१९ च्या जूनमध्ये, जवळच्याच कार्डिफ, न्यूपोर्ट, बॅरी या बंदरांत काळ्या लोकांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. घरे फोडली गेली, माणसे मेली. महायुद्धात ब्रिटनच्या जहाजांवर राबलेल्या काळ्या खलाशांना ही बक्षिसी मिळाली होती. अशा हवेत तो वाढला.

१९२८ मध्ये त्याने हौशी मुष्टियोद्ध्यांचे ब्रिटनमधले फ्लायवेट विजेतेपद जिंकले. फ्लायवेट म्हणजे साधारण ५१ किलोच्या आतला गट. त्याच वर्षी अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली. वय अवघे अठरा. ब्रिटनकडून ऑलिंपिकमध्ये उतरलेला पहिला काळा मुष्टियोद्धा म्हणून त्याचे नाव घेतले जाते. तिथे तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. फ्रान्सच्या आर्मां आपेलने त्याला हरवले आणि हाच आपेल पुढे रौप्यपदक घेऊन गेला. म्हणजे कथबर्ट हरला तोही तोलामोलाच्या गड्याकडून.

याच अ‍ॅम्स्टरडॅमला हिंदुस्थानने हॉकीतले पहिले सुवर्णपदक जिंकले, हे आपल्या मुलांना शाळेत शिकवतात. ध्यानचंदांचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या संघाचे नेतृत्व जयपालसिंग मुंडा या आदिवासी तरुणाकडे होते, आणि पुढे संविधान सभेत आदिवासींची बाजू मांडणारे जयपालसिंग ते हेच, हे किती घरांत सांगितले जाते? एकाच ऑलिंपिकमध्ये छोटा नागपूरच्या जंगलातला आदिवासी आणि वेल्सच्या खाणगावातला काळा मुलगा उतरले होते. दोघांचीही नावे नंतर मागच्या रांगेत गेली.

ऑलिंपिकहून परतल्यावर कथबर्ट व्यावसायिक मुष्टियोद्धा झाला. म्हणजे पैशासाठी लढू लागला. १९२९ मध्ये त्याने वेल्सचे बँटमवेट विजेतेपद मिळवले. बँटमवेट म्हणजे साडेत्रेपन्न किलोच्या आतला गट. वेल्सचा विजेता झाल्यावर पुढची पायरी असते ब्रिटिश विजेतेपदाची. कोणत्याही गोऱ्या मल्लाने पुढे तेच मागितले असते. कथबर्टची वाट तिथेच संपली.

यातली गंमत, म्हणजे खरे तर कुचेष्टा, नीट समजून घ्या. ऑलिंपिकमध्ये तो ब्रिटनची बंडी घालून उतरला, तेव्हा त्याच्या आईबापाचा रंग आड आला नाही. हौशी विजेतेपदातही आला नाही, कारण तिथे पैसा नव्हता, फक्त देशाची शोभा होती. वेल्सच्या विजेतेपदातही आला नाही, कारण ते गावाकडचे. जिथे खरा मान आणि खरा पैसा होता, तिथेच तो आड आला. आणखी एक. साम्राज्याचे विजेतेपद नावाचा वेगळा किताब होता. तो काळ्या माणसाला मिळू शके. कॅनडाच्या लॅरी गेन्सने १९३१ मध्ये सर्वांत जड गटात तो मिळवलाही. म्हणजे काळा माणूस सगळ्या साम्राज्याचा विजेता होऊ शकतो, पण ब्रिटनचा नाही! माजघर आणि ओसरी यांतला फरक आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

पोटासाठी शेकडो लढती

हा सगळा काळ कसा होता? १९३० मध्ये मर्थरजवळच्या डाउलेसचा मोठा पोलाद कारखाना बंद पडला. मंदीच्या त्या वर्षांत मर्थरमधले निम्म्याहून अधिक कामगार बेकार होते. १९३६ मध्ये आठवा एडवर्ड राजा स्वतः डाउलेसला आला आणि बंद कारखान्याच्या आवारात जमलेले बेकार कामगार पाहून हळहळला. मुंबईतल्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर कशा एकेक करून बंद झाल्या, भोंगा थांबल्यावर चाळीतले घर कसे चालले, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मर्थर डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही.

अशा दिवसांत विजेतेपदाच्या एका लढतीचे मोल काय असते? मानाच्या लढतीला तिकिटे जास्त खपतात आणि मल्लाला बिदागी मोठी मिळते. विजेता झाला की त्याच्या पुढच्या प्रत्येक लढतीचा भाव वाढतो. ज्याला ती लढत मिळतच नाही, त्याने काय करायचे? त्याने लहान लहान लढती जास्त करायच्या. आज या गावात, चार दिवसांनी त्या गावात. जखम भरायच्या आत पुन्हा हातमोजे चढवायचे. कथबर्ट १९२८ पासून १९४७ पर्यंत, जवळजवळ वीस वर्षे असाच लढत राहिला. त्याच्या लढतींची संख्या शेकड्यांत आहे. आणि एवढ्या शेकडो लढतींत समोरच्याच्या ठोशाने पडून तो दहा आकड्यांच्या आत उठू शकला नाही, असे फक्त एकदा घडले. फक्त एकदा! ज्यांना या खेळातले कळते, त्यांनी एवढ्या एका गोष्टीवरून ओळखावे की हा माणूस किती कसबी होता. मार चुकवणे, अंतर राखणे, पायांवर तोल सांभाळणे, ही कला अंगात भिनल्याशिवाय कोणी वीस वर्षे असा उभा राहत नाही.

तो एकटाच नव्हता. मँचेस्टरला लेन जॉन्सन नावाचा त्याचा समकालीन होता. बाप आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचा, आई गोरी. त्यानेही ब्रिटनमधल्या भल्या भल्या मल्लांना हरवले आणि त्यालाही हीच भिंत लागली. तो १९३३ मध्ये रिंगणातून बाहेर पडला आणि कामगार चळवळीत शिरला. १९५३ मध्ये मँचेस्टरमधल्या एका दारूच्या गुत्त्यात काळा म्हणून त्याला प्याला नाकारला, तेव्हा त्याने लोक जमवले, आवाज उठवला आणि तो मज्जाव उठवायला लावला. मुद्दा दारूचा नव्हता. चार माणसांत बरोबरीने बसण्याचा होता. महाडच्या तळ्यावर मुद्दा नुसत्या पाण्याचा नव्हता, तसाच.

एका वर्षाचा उशीर

१९४७ मध्ये कथबर्टने हातमोजे उतरवले. वय अडतीसच्या घरात आले होते. आणि त्यानंतर वर्षभरातच तो नियम गेला. दुसऱ्या महायुद्धात काळे सैनिक ब्रिटनच्या बाजूने लढले होते, वसाहतींमधून सवाल विचारले जात होते. असला नियम तोंडावर मिरवणे आता सरकारलाही जड जात होते.

२८ जून १९४८ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर डिक टर्पिनने व्हिन्स हॉकिन्सला हरवले आणि तो मिडलवेट गटाचा ब्रिटिश विजेता झाला. नियम गेल्यानंतरचा हा पहिला काळा ब्रिटिश विजेता. त्याचा बाप ब्रिटिश गयानाचा, काळा. आई इंग्लंडची, गोरी. म्हणजे घर अगदी कथबर्टसारखेच. तसाच बाप, तशीच आई. बदलला होता तो फक्त कागदावरचा नियम. तीन वर्षांनी, १९५१ मध्ये, डिकचा धाकटा भाऊ रँडॉल्फ याने शुगर रे रॉबिन्सन या अमेरिकेच्या महान मल्लाला हरवून जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा सगळ्या ब्रिटनने त्याला डोक्यावर घेतले. १९५६ मध्ये कार्डिफच्या टायगर बे वस्तीतला मिश्र वंशाचा जो अर्स्किन सर्वांत जड गटाचा ब्रिटिश विजेता झाला. ज्या लढती झाल्याने साम्राज्य बुडेल असे सांगितले जात होते, त्या झाल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कथबर्ट मात्र तोवर म्हातारपणाकडे झुकला होता. १९७७ मध्ये तो वारला.

पुतळे कोणाचे उभे राहतात

मर्थर टिडफिलमध्ये आज तीन मुष्टियोद्ध्यांचे पुतळे आहेत. एडी थॉमस, हॉवर्ड विन्स्टन आणि जॉनी ओवेन. तिघेही मोठे आणि तिघांबद्दल आदरच वाटावा असे. एडी थॉमस खाणीतून आलेला, पुढे इतरांना घडवणारा. विन्स्टनला कारखान्यातल्या अपघातात उजव्या हाताच्या बोटांची टोके गमवावी लागली, तरी तो १९६८ मध्ये जगज्जेता झाला. जॉनी ओवेन १९८० मध्ये जगज्जेतेपदाची लढत लढताना बेशुद्ध पडला आणि काही आठवड्यांनी गेला. वय चोवीस. त्याच्यासाठी सगळे गाव रडले.

हे तिघेही आपापल्या गटाचे ब्रिटिश विजेते होते. तिघांनाही लोन्सडेल पट्ट्यासाठी लढता आले. जॉनी ओवेनने बँटमवेटचे ब्रिटिश विजेतेपद मिळवले ते १९७७ मध्येच, म्हणजे कथबर्ट गेला त्याच वर्षी. मर्थरच्या एका पोराने ज्या गटाचे विजेतेपद जिंकले, त्याच गटात त्याच मर्थरच्या दुसऱ्या पोराला पन्नास वर्षांपूर्वी दारातही उभे केले नव्हते.

माझ्या मते या गोष्टीचे खरे मर्म इथे आहे. अन्याय्य नियम माणसाकडून एक बक्षीस हिरावून घेतो, एवढेच आपण समजतो. पण तो त्याहून जास्त नेतो. विजेत्यांची यादी छापली जाते. पुढच्या पिढीचे लेखक ती यादी घेऊन बसतात. यादीत नाव असेल त्याच्यावर लेख लिहिला जातो, त्याचा फोटो लागतो, त्याचा पुतळा होतो. यादीत नाव नसेल, तर लोक म्हणतात, "एवढा मोठा असता तर विजेता झाला नसता का?" म्हणजे आधी माणसाला दाराबाहेर ठेवायचे आणि मग तो आत कधी दिसला नाही म्हणून त्याला लहान ठरवायचे. नियम १९४८ मध्ये गेला, पण त्या नियमाने केलेली यादी तशीच राहिली. त्या यादीतून नियम आपले काम पुढेही करत राहिला.

मग त्याचे मोल कसे करावे?

कोणी विचारील की संधी मिळाली असती तर कथबर्ट खरोखर ब्रिटनचा विजेता झाला असता का? प्रामाणिकपणे सांगायचे तर हे कोणालाच सांगता येणार नाही. तो काही अजिंक्य नव्हता. लढती जिंकला तशा हरलाही. त्या काळी त्याच्या गटात चांगले चांगले मल्ल होते. कदाचित तो जिंकला असता, कदाचित पंधराव्या फेरीअखेर हात वर झाला असता तो दुसऱ्याचा. आपण उगाच त्याच्या कमरेला कल्पनेचा पट्टा बांधू नये. ते त्याच्या कष्टांनाही शोभणारे नाही.

पण त्याच्याकडून काय गेले, ते नेमके सांगता येते. लढून जिंकण्याचा हक्क गेला, तसा लढून हरण्याचाही हक्क गेला. समोरासमोर हरलेल्या माणसाला निदान एवढे समाधान असते की माझे माप घेतले गेले, मी कमी पडलो. कथबर्टचे माप कोणी घेतलेच नाही. त्याला अपात्र ठरवले ते त्याच्या जन्मावरून.

म्हणून त्याचे मोल पट्ट्यावरून करता येत नाही. ते करायचे त्याने जे केले त्यावरून. अठराव्या वर्षी त्याने देशाचे प्रतिनिधित्व केले. वेल्सचा तो विजेता झाला. शेकडो लढती खेळून फक्त एकदा तो पडून राहिला. आणि वरचे दार बंद आहे हे पक्के ठाऊक असूनही, वीस वर्षे तो आपल्या कामात कसूर न करता उभा राहिला. दार उघडेल या आशेवर काम करणे सोपे असते. दार उघडणार नाही हे कळल्यावरही कसब राखणे फार अवघड असते. आपल्या घरातल्या थोरांनी हे केले आहे, म्हणून आपल्याला त्याची किंमत कळते.

अलीकडच्या वर्षांत त्याचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले आहे. त्याच्या घरच्यांनी ही आठवण धरून ठेवली. मर्थरचे खासदार जेराल्ड जोन्स यांनी ब्रिटिश संसदेत हा प्रश्न मांडला आणि त्या नियमाबद्दल जाहीर माफी मागितली जावी, अशी मागणी पुढे आली. माफीने कथबर्टला पट्टा मिळणार नाही. मेलेल्या माणसाला तो उपयोगाचाही नाही. पण माफीचा एक उपयोग नक्की आहे. यादीशेजारी एक टीप लिहिली जाते की या सालापासून त्या सालापर्यंतची ही यादी अपुरी आहे, कारण इथे सगळ्यांना उतरू दिलेले नव्हते. तेवढे लिहिले, तरी पुढची पिढी ती यादी वेगळ्या डोळ्यांनी वाचेल.

जाता जाता घरातल्या मोठ्यांना एवढेच सांगणे आहे. आपल्या प्रत्येकाच्या घरात, गावात, गिरणीत, वस्तीत असा कोणीतरी होऊन गेला आहे. तालमीतला, शाहिरी फडातला, कबड्डीच्या मैदानातला. हाताला कसब होते, पण ज्याच्यापर्यंत कोणती यादी पोहोचली नाही. त्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याने काय केले, हे आज रात्री जेवताना मुलांना सांगा. जमल्यास वहीत लिहून ठेवा, सालासह. कथबर्ट टेलरचे नाव परत आले, कारण त्याच्या घरातल्या माणसांनी ते पुसू दिले नाही.